बारावीनंतर आयएसआयचे बी.स्टॅट.: माझ्या प्रवेशाची शक्यता कितपत आहे?

प्रश्न: बार्शीची_विद्यार्थिनी

नमस्कार. मी राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावी विज्ञानच्या ए ग्रुपला (भौतिक, रसायन, गणित) आहे आणि येत्या फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा देणार आहे. दहावीपर्यंतचे माझे सर्व शिक्षण बार्शीत, मराठी माध्यमात झाले. दहावीला ९६.४० टक्के होते आणि गणितात १०० पैकी ९९. अकरावीपासून सोलापूरला क्लास लावला असून तेथील सराव परीक्षांत सीईटीच्या (राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेच्या) गणिताच्या ५० प्रश्नांपैकी सहसा ४५ ते ४६ प्रश्न बरोबर येतात. सप्टेंबरमधील आयओक्यूएममध्ये (गणित ऑलिम्पियाडची पहिली पात्रता परीक्षा) पात्र ठरल्यामुळे महाराष्ट्र-गोवा विभागातून आरएमओ (विभागीय फेरी) देता आली. त्यात सहापैकी दोन प्रश्न पूर्ण सुटले, एक अर्धवट राहिला, आणि आयएनएमओसाठी (राष्ट्रीय फेरी) निवड झाली नाही. बारावीत असल्यामुळे ती वाट आता कायमची बंद झाली आहे.

आरएमओच्या निमित्ताने मला प्रथमच लक्षात आले की ज्या गणितात मला रमायला होते ते क्लासमधल्या गणितापेक्षा वेगळे आहे. तेथेच एका मुलाकडून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या, म्हणजे आयएसआयच्या बी.स्टॅट. या सांख्यिकीच्या पदवी अभ्यासक्रमाविषयी कळले आणि गेला महिनाभर मी जुन्या प्रश्नपत्रिका चाळत आहे. वडिलांचे कृषी सेवा केंद्र आहे. त्यांची इच्छा मी सीईटीतून पुण्याच्या सीओईपीला (अभियांत्रिकीला) जावे अशी आहे, आणि त्यांचा प्रश्नही रास्त आहे की ज्या संस्थेत गावातले कोणीही गेलेले नाही तेथे आपला निभाव लागेल हे कशावरून ठरवायचे.

माझी विचारणा अशी की वरील गुणांवरून माझी शक्यता किती धरावी, सीईटीची तयारी सांभाळून ही परीक्षा देणे शक्य आहे का, आणि माझ्याकडे एनटी-सी (भटक्या जमाती) प्रवर्गाचा दाखला आहे, तो केंद्रीय संस्थेत उपयोगी पडतो का. अनुभवी मंडळींनी स्पष्ट लिहावे, वाईट वाटणार नाही.

उत्तर १: बीटी_रोड_२०१४

मी सांगली जिल्ह्यातील असून २०१४ साली बी.स्टॅट.ला प्रवेश घेतला. तुम्ही दिलेल्या माहितीपैकी दहावीचे गुण आणि सीईटीचे ४५-४६ प्रश्न बाजूला ठेवा, कारण आयएसआयच्या निवडीशी त्यांचा जवळजवळ काहीही संबंध नाही. उपयोगाची आहे ती एकच ओळ, ती म्हणजे आरएमओमध्ये दोन प्रश्न पूर्ण आणि एक अर्धवट.

परीक्षा एकाच दिवशी दोन सत्रांत होते. पहिल्या पेपरात, ज्याला यूजीए म्हणतात, ३० बहुपर्यायी प्रश्न आणि दोन तास असतात. दुसऱ्यात, म्हणजे यूजीबीमध्ये, साधारण आठ प्रश्न आणि तेवढाच वेळ असतो, पण तेथे पर्याय नसतात, कोऱ्या पानावर पूर्ण उत्तर लिहायचे असते. पहिल्या पेपरात ठरावीक गुणांची रेषा ओलांडली नाही तर दुसरा पेपर तपासलाच जात नाही. बी.स्टॅट. कोलकात्याला आणि बी.मॅथ. (गणिताची पदवी) बंगळुरूला चालतो, परंतु दोन्हींची प्रश्नपत्रिका एकच असते. जागा साठीच्या आसपास आणि बसणारे हजारोंनी, त्यामुळे भागाकार करून शक्यता काढली तर कोणीही घाबरेल. हजारोंपैकी मोठा भाग मात्र असा असतो की ज्यांनी आयुष्यात एकही सिद्धता स्वतःहून लिहिलेली नसते. ती मंडळी जेईईच्या तयारीच्या जोरावर, एक अर्ज करून पाहू म्हणून येतात, आणि त्यांच्याशी तुमची खरी स्पर्धा नाही. स्पर्धा आहे ती ऑलिम्पियाडच्या वाटेने आलेल्या काहीशे मुलांशी.

पहिल्या पेपरची गुणपद्धती नीट समजून घ्या. बरोबर उत्तराला ४, चुकीच्या उत्तराला ० आणि सोडलेल्या प्रश्नाला १ गुण असतो. म्हणजे कोरा पेपर देणाऱ्यालाही १२० पैकी ३० गुण मिळतात. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर सरासरी एकच गुण पदरात पडतो, तोच प्रश्न सोडूनही मिळतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर अंदाज बांधणे किंचित फायद्याचे होते, दोन बाद झाले तर सरासरी दोनवर जाते. सीईटीत उणे गुण नसल्यामुळे काहीही न सोडण्याची जी सवय लागते, ती येथे महागात पडते असे नाही, पण तिचा उपयोगही होत नाही. (सांख्यिकी शिकवणाऱ्या संस्थेने गुणपद्धतीतच संभाव्यतेचा पहिला धडा ठेवावा, याचे मला तेव्हाही कौतुक वाटले होते.)

दुसरा पेपर हाच खरा पेपर. सीईटीत ९० मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे एकाला १०८ सेकंद. येथे एका प्रश्नाला पंधरा मिनिटे. ती पंधरा मिनिटे कशासाठी असतात हे दाखवण्यासाठी मीच रचलेले एक सोपे उदाहरण घेतो. सर्व सहगुणक पूर्णांक असलेली अशी बहुपदी असू शकते का, की जिच्यात १ ठेवल्यास २ आणि ३ ठेवल्यास ५ मिळतात? क्लासमध्ये तयार झालेला विद्यार्थी रेषीय बहुपदी मानतो, चढ दीड येतो, दीड हा पूर्णांक नाही, म्हणून ‘अशी बहुपदी नाही’ असे लिहून पुढे जातो. उत्तर बरोबर आहे आणि गुण जवळजवळ शून्य, कारण त्याने फक्त एका घाताच्या बहुपदींविषयी बोलून सर्वांविषयी निष्कर्ष काढला. खरे उत्तर तीन ओळींचे आहे. कोणत्याही विषम संख्येचा कोणताही घात विषमच असतो, म्हणून १ आणि ३ ठेवल्यावर बहुपदीतील प्रत्येक पदाची समविषमता तीच राहते, म्हणून दोन्ही किमती एकतर सम असतील किंवा दोन्ही विषम. येथे २ सम आणि ५ विषम आहे, म्हणून अशी बहुपदी अशक्य. ज्याला ‘उत्तर आले’ आणि ‘सिद्ध झाले’ यांतला फरक हा प्रश्न वाचताक्षणी दिसतो, त्याच्यासाठी ही परीक्षा आहे.

आमच्या वेळी लेखी परीक्षेनंतर मुलाखतही होती, आणि आयएनएमओ उत्तीर्ण मुलांना लेखी परीक्षेतून सूट मिळून थेट मुलाखतीला बोलावले जाई. मुलाखतीत मला फळ्यापाशी उभे करून एक असमानता सिद्ध करायला सांगितली. मी अडलो तेव्हा समोरच्या प्राध्यापकांनी ‘लहान संख्या घेऊन बघ’ एवढेच सुचवले आणि मग दहा मिनिटे कोणीही बोलले नाही. ती शांतता सहन करता आली म्हणून माझी निवड झाली असे मला अजूनही वाटते.

स्पष्ट विचारले आहे म्हणून स्पष्ट सांगतो. आजच्या तयारीवर तुमची शक्यता कमी आहे, परंतु प्रयत्न वाया जाण्याइतकी कमी नाही. आरएमओचे दोन प्रश्न कोणाच्या मदतीशिवाय पूर्ण सुटले असतील तर पाया आहे. मे महिन्यातील परीक्षेपर्यंत पाच महिने आहेत, त्यांतले अडीच बोर्ड घेईल.

खर्चाबाबत: आमच्या वेळी शिकवणी शुल्क नव्हते, उलट दरमहा विद्यावेतन मिळे आणि सत्राचे गुण घसरले की ते कापले जाई. सध्याचे नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहावेत.

उत्तर २: गणित_शिक्षक_सातारा

तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहितो. वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, फक्त एका गोष्टीची भर घालावीशी वाटते.

मराठी माध्यमाची तुला अडचण वाटत असावी असे प्रश्नाच्या सुरावरून जाणवले. माझ्या पाहण्यात उलट आहे. नववी-दहावीच्या भूमितीत तू पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असे चार मथळे टाकून उत्तरे लिहिली आहेस. त्या चौकटीचा अकरावीत क्लास लागला की मुलांना विसर पडतो, कारण तेथे फक्त शेवटचा पर्याय मोजला जातो. यूजीबीचे उत्तर लिहिताना मनातल्या मनात तेच मथळे टाक. काय दिलेले आहे, काय दाखवायचे आहे, आणि दिलेल्यापासून दाखवायच्यापर्यंत प्रत्येक पायरी कशाच्या आधारे टाकली, एवढे कागदावर दिसले की तपासणाऱ्याला इंग्रजीच्या व्याकरणाशी काही देणेघेणे नसते. वाक्ये आखूड ठेव.

मला गंमत याची वाटते की आपल्या बारावीच्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण तर्कशास्त्राचे आहे. मुले सत्यता कोष्टके भराभर भरतात, विधानाचा व्यत्यास आणि व्यस्त पाठ करतात, पूर्ण गुण घेतात, आणि महिन्याभराने सिद्धता लिहिताना जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरून मोकळी होतात. मी पंधरा वर्षे हे पाहत आहे. ही चूक स्वतःची स्वतःला दिसत नाही, म्हणून तपासणारा दुसराच लागतो, आणि तोही कठोर.

तेव्हा शक्यता किती हे इथे विचारण्यापेक्षा एक काम कर. येत्या रविवारी, सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास, घड्याळ लावून, मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवून, न पाहिलेली एक जुनी प्रश्नपत्रिका सोडव. दुसऱ्या पेपरची उत्तरे शाईच्या पेनाने लिही, खोडलेलेही राहू दे, आणि त्यांची छायाचित्रे मला खासगी निरोपाने पाठव. मी कोणतेही शुल्क घेत नाही. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान हे प्राध्यापक श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलेले केंद्र ऑलिम्पियाडचे मार्गदर्शन वर्षानुवर्षे करीत आले आहे, तेथेही विचारणा करता येईल, परंतु बार्शीहून येणे-जाणे पाहता बोर्डाआधी तो उद्योग करू नये असे माझे मत आहे.

सीईटी सांभाळून जमेल का? जमेल, कारण कलन आणि निर्देशक भूमिती दोन्हीकडे सामाईक आहे. नंबर थिअरी, म्हणजे विभाज्यता वगैरे, आणि मोजणीची गणिते मात्र वेगळा वेळ मागतील. बोर्ड संपेपर्यंत रोज एकच प्रश्न, पण लिहून पूर्ण. एप्रिलपासून वेग वाढव.

उत्तर ३: पालक_नाशिक

दाखल्याच्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिलेले नाही, ते मी देतो, कारण आमचे याच पायी एक वर्ष गेले.

राज्याच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्यांत एनटी-सी हा स्वतंत्र प्रवर्ग आहे. केंद्रीय संस्थांत भटक्या जमाती असा प्रवर्गच नसतो. तेथे अनुसूचित जाती १५ टक्के, अनुसूचित जमाती साडेसात, इतर मागास २७ आणि आर्थिक दुर्बल १० एवढीच विभागणी असते. महाराष्ट्रातील तुमची जात केंद्राच्या इतर मागासवर्गीय यादीत असेल, उदाहरणार्थ धनगर समाज आहे, तर तुम्ही ओबीसी म्हणून अर्ज करू शकता, पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील वेगळे प्रमाणपत्र लागते. राज्याचा जातीचा दाखला आणि राज्याचे नॉन-क्रिमी लेअर हे दोन्ही हातात असूनही ते चालत नाहीत. आमच्या मुलीच्या वेळी एका केंद्रीय संस्थेत, समुपदेशनाच्या दिवशी, आम्ही फाइल उघडून राज्याचे नॉन-क्रिमी लेअर पुढे केले. मुदत संपायला दीड वर्ष बाकी होते. टेबलावरच्या बाईंनी ते वाचूनही न पाहता परत केले, कारण वरचा मथळाच वेगळा होता. चार दिवसांत केंद्राच्या नमुन्यातले आणायला सांगितले, ते मिळाले नाही, आणि जागा खुल्या गटात गेली.

आणखी एक मेख अशी की केंद्रीय संस्था सहसा चालू आर्थिक वर्षातील, म्हणजे १ एप्रिलनंतरचे प्रमाणपत्र मागतात. अर्ज मार्चच्या सुमारास भरला आणि प्रवेश जूनमध्ये झाला तर मधल्या काळात नवे काढावे लागते. तेव्हा वडिलांचे तीन वर्षांचे उत्पन्नाचे दाखले आत्ताच गोळा करून ठेवा, सेतूत चौकशी करताना ‘केंद्र सरकारच्या नमुन्यातले’ हे शब्द दोनदा सांगा, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज टाका. मे महिन्यात प्रांत कार्यालयात काय गर्दी असते ते सांगायला नको. खुल्या गटातील आणि मराठा समाजातील वाचकांसाठी जाता जाता: राज्याचे एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू नाही, उत्पन्नाचे व मालमत्तेचे निकष बसत असतील तर तेथे ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल गटाचा, पर्याय पाहावा.

उत्तर ४: दुसऱ्या_दाराने

मी ही परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा माझे नाव आले नाही. पहिल्या वर्षी यूजीएची रेषाच ओलांडली नाही. दुसऱ्या वर्षी घरी बसून, लोक ज्याला ड्रॉप म्हणतात तो घेऊन, पुन्हा दिली आणि यूजीबीमध्ये हुकलो. ते घरी बसलेले वर्ष मला आजही खटकते, म्हणून या प्रश्नात पडत आहे.

त्यानंतर पुण्यात सांख्यिकी विषय घेऊन बी.एस्सी. केले आणि तिसऱ्या वर्षाअखेर आयएसआयच्याच एम.स्टॅट.ची (पदव्युत्तर) प्रवेश परीक्षा दिली. तेथे निवड झाली. एम.स्टॅट.च्या वर्गात बी.स्टॅट. करून आलेली मुले आणि आमच्यासारखी बाहेरून परीक्षा देऊन आलेली मुले एकाच बाकावर बसतात. पहिले सहा महिने त्यांच्या मागे धावताना दमछाक झाली हे खरे, विशेषतः मेझर थिअरीच्या तासांना, पण पदवी तीच मिळाली. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग वसंत शंकर हुजुरबाजारांनी १९५३ साली उभा केला, आणि त्या परंपरेमुळे पुण्यात हा विषय आस्थेने शिकवणारी महाविद्यालये आजही आहेत. तेव्हा कोलकात्याचे दार बारावीलाच उघडले नाही तर ते कायमचे बंद झाले असे समजून एक वर्ष घरी बसू नये.

बी.स्टॅट.च्या जोडीने आणखी दोन अर्ज अवश्य करावेत. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची परीक्षा याच धाटणीची आहे, तेथेही पहिल्या भागात ठरावीक गुण मिळाले तरच दुसऱ्या भागातील सिद्धता तपासल्या जातात, त्यामुळे वेगळी तयारी लागत नाही. शुल्क मात्र आहे, सवलतीची चौकशी आधी करावी. दुसरा अर्ज आयसरचा (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था). पुण्याचे आयसर पाषाणला आहे, २००६ पासून चालू आहे, आणि २०२४ पासून सर्व आयसरांचे प्रवेश केवळ त्यांच्या स्वतःच्या आयएटी परीक्षेतून होतात. तिच्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित यांचे प्रत्येकी १५ असे ६० प्रश्न, एकूण २४० गुणांचे, असतात. तुम्ही ए ग्रुपच्या, म्हणजे जीवशास्त्राचे ६० गुण जवळजवळ गेलेच असे धरून उरलेल्या १८० गुणांत लढावे लागेल. ते अशक्य नाही, दरवर्षी मुले लढतात.

वडिलांच्या बाबतीत एवढेच सुचवतो की सीईटी मनापासून द्या. ती तुम्ही सोडलेली नाही हे दिसले की घरातले अर्धे वाद आपोआप मिटतात. माझ्या घरी ते दिसले नव्हते.

बार्शीची_विद्यार्थिनी (तीन आठवड्यांनी)

सर्वांची आभारी आहे. साताऱ्याच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे रविवारी एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवली. पहिल्या पेपरात १४ बरोबर, ७ चूक आणि ९ सोडलेले, म्हणजे ६५ गुण झाले. दुसऱ्या पेपरात मी चार प्रश्नांना हात घातला आणि माझ्या हिशेबाने साडेतीन सुटले होते. सरांनी तपासून दोनच पूर्ण धरले, तिसऱ्याला दहापैकी दोन आणि चौथ्याला शून्य दिले. चौथ्यात मी जे सिद्ध करायचे तेच तिसऱ्या ओळीत वापरले होते. ते मला लाल खूण पाहिल्यावरही लगेच दिसले नाही, रात्री जेवताना दिसले.

तो कागद वडिलांना दाखवला. गणित त्यांना कळले नाही, पण एका अनोळखी शिक्षकाने चार पाने ओळ न ओळ तपासून पाठवली हे त्यांना फार भिडले असावे. सीओईपीचा विचार त्यांनी सोडलेला नाही आणि मीही सोडत नाही, परंतु अर्जाचे पैसे भरायला ते तयार झाले आहेत. उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी ते सोमवारी तहसीलला जाणार आहेत. नाशिकच्या काकांचे उत्तर त्यांनी छापून खिशात ठेवले आहे.

तिसऱ्या प्रश्नाला आठ गुण नेमके कशाचे गेले ते मात्र मला अजून समजलेले नाही.

गणित_शिक्षक_सातारा

तिसऱ्या प्रश्नात फंक्शन कंटिन्युअस (अखंड) आहे असे तू दुसऱ्या ओळीतच वापरलेस. प्रश्नात ते दिलेले नाही. त्यात एवढेच दिले आहे की ते काटेकोरपणे वाढत जाते आणि पूर्णांक ठेवल्यावर पूर्णांकच मिळतो. तेवढ्यावर उत्तर निघते, आणि तुझ्या वाटेपेक्षा लहान निघते. सलग दोन पूर्णांकांच्या किमतींत कमीत कमी किती अंतर असेल इथून सुरुवात कर. बोर्डाची पूर्वपरीक्षा झाल्यावर पुन्हा लिहून पाठव, घाई नाही.